उघड्या हातांनी

काचेच्या पट्टीवर चार गोल, गोलांत चार थेंब – एक निळसर, तीन गुलाबी – आणि ती पट्टी जीवनच्या दोन बोटांत तिरपी… हलव, अजून हलव, उज्ज्वला मनातल्या मनात म्हणत होती, पुरतं एक मिनिट फिरवायची असते ती, सावकाश, थेंबाला थेंब लागू न देता – आणि भिंतीवरच्या घड्याळातला तांबडा काटा ती मोजत होती, बारा, तेरा… सतरा, अठरा – विसाव्या सेकंदाला त्यानं पट्टी ओट्यावर ठेवून दिली, पेनाच्या टोकानं कान खाजवला, आणि छापील कागदावर ‘पॉझिटिव्ह’ लिहून मोकळा झाला.

वीस सेकंद. अगं बाई, वीस! तिच्या लॅपटॉपवरच्या त्या व्हर्च्युअल लॅबमध्ये काच खोटी, थेंब खोटा, रक्त तर कुणाचंच नाही, पण तिथंसुद्धा साठ सेकंद भरल्याशिवाय पुढचं बटण उघडत नाही. पहिल्या खेपेला तिनं चाळिसाव्या सेकंदाला माऊस सोडला तर पडद्यावर लाल अक्षरं आली होती – कृती अपूर्ण, पुन्हा सुरू करा – आणि तिनं मुकाट्यानं पुन्हा सुरू केली होती, अगदी रक्त घेण्यापासून. इथं लाल अक्षरं दाखवणारं कुणी नाही. इथं खरं रक्त, खरी काच, खरा माणूस, भिंतीवर चौकटीतलं खरं प्रमाणपत्र, आणि काम मात्र हे असलं. आणि तरी हे खरं, अन् मी शिकते ते खोटं. वा रे वा!

“टायफॉइडच हाय ताई,” जीवन म्हणाला. दवाखान्याला लागून त्याची लॅब, लॅब म्हणजे एक ओटा, एक फ्रीज, एक खुर्ची. गेवराईत वीस वर्षं तो रक्त काढतोय हे त्यानं सुई टोचता टोचता दोनदा सांगून झालं होतं. “मागच्या बारीलाबी त्योच निघालता.”

“मागच्या बारीला निघाला, त्याच्या आधीच्या बारीला निघाला. दोनदा औषधाचा कोर्स झाला. मग जाईना कावून तो?”

“ते डाक्टरसायबाला इचारा. आपलं काम रक्त बघायचं.”

बघायचं! बघितलंस कधी तू… पण तिनं कागद उचलला, ओट्यावरचं ते सीरम उरलेलं नळकांडं एकदा डोळे भरून बघितलं, आणि बाहेर आली.

बाहेर बाकड्यावर सत्यभामा बसली होती. तिची सासू. उज्ज्वला तिला आत्या म्हणायची. कोपरात कापसाचा बोळा दाबून धरलेला, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि मार्चच्या त्या फुफाट्यातसुद्धा अंगावर घोंगडी. तलवाड्याच्या वस्तीवरून पन्नास शेळ्यांमागं दिवसाला दोन कोस चालणारी ही बाई, जिच्या एका हाकेला आख्खं खांड माघारी फिरायचं, ती आता बाकड्याच्या कडेला भिंतीचा आधार शोधत होती. दुपारी ताप चढायचा, हाडं ठणकायची, कंबर तर धरूनच ठेवल्यासारखी, मग रात्री दरदरून घाम, अंगाखालची वाकळ पिळून काढावी इतका, आणि सकाळी ताप गायब. चार दिवस बरं. लोक म्हणायचे, उतरला बघ. पाचव्या दिवशी पुन्हा. संक्रांतीपासून हे चालू होतं. सलाईन लावलं की दोन दिवस तरतरी, की घरी, की पुन्हा तेच. आणि दर खेपेला कागदावर तेच एक नाव, जसं काही या तालुक्यात दुसऱ्या कुठल्या रोगाला यायची परवानगीच नाही.

“काय म्हणला?”

“टायफॉइड म्हणतोय.”

“मंग आसंल.” सत्यभामानं डोळे मिटले. “तू नको जीव जाळू.”

नको जाळू! कसा नको जाळू? आठ दिवसांमागं, परीक्षेची उजळणी करताना – तिसऱ्या वर्षाची, शेवटची – पडद्यावर एक आलेख आला होता. तापाची रेघ. चढ, उतार, मध्ये सपाटी, पुन्हा चढ. बघता बघता तिनं पेन खाली ठेवलं होतं, कारण ती रेघ तिनं पाहिली होती – तिच्याच स्वयंपाकघरात, चुलीवरच्या भिंतीला टांगलेल्या कॅलेंडरवर, जिथं ती रोज तारखेच्या चौकोनात आत्यांचा ताप लिहीत होती. कॅलेंडर खाली काढलं, मांडीवर घेतलं, आकडे ठिपक्यांनी मांडले, ठिपके जोडले. तीच रेघ. खाली नाव होतं: ब्रुसेला. शेळ्या-मेंढ्या-गुरांचा जंतू. गाभ टाकलेल्या जनावराच्या वारेतून, पाण्यातून, कच्च्या दुधातून माणसात येणारा. आणि मार्गशीर्षात त्यांची बांडी शेळी गाभाडली होती… वार अडकली होती… ती आत्यांनीच… असो. ते असो. मुद्दा एवढाच, की तिनं ओळखलं होतं. एम.बी.बी.एस. झालेल्यानं नाही, वीस वर्षं रक्त काढणाऱ्यानं नाही, तिनं, तलवाड्याच्या पत्र्याच्या घरात बसून. त्या रात्री आनंदानं तिला झोप लागली नव्हती, आणि आनंद कशाचा होतोय हे लक्षात आल्यावर लाज वाटली होती. पण आनंद झाला होता, हे खरं.

डॉक्टरांच्या खोलीचं दार अर्धं उघडंच असायचं, म्हणजे बाहेर बसलेल्यांना आतलं सगळं ऐकू जायचं आणि डॉक्टरांना ते आवडायचं. त्यांनी कागद पाहिला, पॅडवर लिहायला सुरुवात केली.

“मावशी, अजून आहे. चौदा दिवसांचा कोर्स देतो, आज एक सलाईन लावून जा.”

“डॉक्टर,” उज्ज्वला म्हणाली, “ब्रुसेलाची तपासणी करून घ्यायची होती.”

पेन थांबलं. “कशाची?”

“ब्रुसेलोसिस. आमच्याकडं शेळ्या आहेत. डिसेंबरात एक गाभाडली, वार आत्यांनी हातानं काढली. त्यानंतर महिन्याभरात ताप सुरू झाला. ताप लाटांसारखा येतो, हे बघा, मी रोजचा लिहिलाय –” तिनं पिशवीतून कॅलेंडरची पानं काढली, तिनं ती फाडून, घडी न घालता, दोन वह्यांच्या मध्ये ठेवून आणली होती.

डॉक्टरांनी पानांना हात लावला नाही. “नर्सिंग केलंय का तुम्ही?”

“नाही. बी.एस्सी. करते. मायक्रोबायोलॉजी. शेवटचं वर्ष.”

“बीडला?”

आता हे विचारतील. हे नेहमी विचारतात. आणि दर वेळी आपण चोरी केल्यासारखं वाटतं. कावून? मी काय चोरी केली?

“ऑनलाइन.”

“ऑनलाइन!” डॉक्टर खुर्चीत मागं रेलले आणि ते हसू आधी त्यांच्या डोळ्यांत आलं, मग आवाजात, आणि मग त्यांनी ते उघड्या दारातून बाहेर सगळ्यांना वाटून टाकलं. “ऑनलाइन मायक्रोबायोलॉजी! म्हणजे जंतूसुद्धा मोबाईलवर दिसतात म्हणा की आता. अहो ताई, पोहायलासुद्धा ऑनलाइनच शिकून घ्या मग, गोदावरीत उतरायची गरज नाही.”

बाहेरची बाकडी हसली. खरंच हसली, एकजात, खोकल्यासकट. दारातून जीवनचं तोंड आत आलं होतं, तेही हसत होतं.

“मायक्रोस्कोपला डोळा लावलाय कधी? खऱ्या?”

तिनं कॅलेंडरची पानं पुन्हा वह्यांच्या मध्ये सारली.

“हातात टेस्ट ट्यूब धरलीय?”

नव्हती धरली. तीन वर्षं तिनं उंदराच्या – माऊसच्या – टिचकीनं ज्योत पेटवली होती, टिचकीनं तारेचं टोक लाल केलं होतं, टिचकीनं बशीत जंतू पेरले होते, आणि अठ्ठेचाळीस तासांनी उगवायच्या वसाहती दोन सेकंदांत उगवलेल्या पाहिल्या होत्या. त्याचा वाससुद्धा कसा असतो हे तिला ठाऊक नव्हतं. विद्यापीठाला तिनं सहा पत्रं लिहिली – आम्हाला निदान पाच दिवस खऱ्या प्रयोगशाळेत बोलवा, कुठंही बोलवा, मी येईन, मुक्कामाचं मी बघेन – आणि सहाही वेळा तेच उत्तर: प्रिय विद्यार्थी, आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो. वाटतो तर बोलवा ना! शिकवलं सगळं आणि हात तेवढे दिले नाहीत. आणि आता हा माणूस मला विचारतोय तुझे हात कुठं आहेत. त्यांना नाही विचारणार. त्यांच्यापुढं कुणी दार उघडं टाकून हसणार नाही. अडलेल्या माणसालाच हसायचं, ही रीतच आहे जगाची. आणि तुम्ही, डॉक्टर, तुम्ही धरलेल्या ना शंभर ट्यूब, मग अडीच महिने ही बाई तुमच्यासमोर झिजतेय, तिला एकदा तरी विचारलंत का, मावशी, घरी जनावरं आहेत का? घोंगडी दिसत नाही? अंगाला येणारा शेळ्यांचा वास कळत नाही? त्याला कुठला मायक्रोस्कोप लागतो?

यातलं ती काहीच बोलली नाही. सत्यभामाच बोलली, टेबलाच्या कडेला धरून.

“डाक्टरसायब, पोरगी म्हंती तर करा की. तिला लई मार्क पडतेत.”

बाहेर पुन्हा हसू. आणि त्या हसण्यानं – स्वतःवरच्या नव्हे, या हसण्यानं – उज्ज्वलाच्या कानशिलात काहीतरी तडकलं.

“मावशी, मार्कांनी ताप उतरत नाही,” डॉक्टर म्हणाले. “ती तपासणी इथं होत नाही, संभाजीनगरला पाठवावी लागते, तीन-चार दिवस जातात. तोवर हा कोर्स –”

“मग लिहून द्या.”

“काय?”

“गरज नाही असं लिहून द्या. तुमच्या अक्षरात, तारीख टाकून.” आपला आवाज इतका सपाट कसा निघतोय याचं तिलाच नवल वाटत होतं. “पेशंटच्या घरी शेळ्या आहेत, शेळी गाभाडलेली आहे, अडीच महिने ताप आहे, दोन कोर्स फुकट गेलेत, हे मी तुम्हाला सांगितलं, आणि तरी ब्रुसेलाची तपासणी करायची गरज नाही असं तुमचं मत आहे. एवढं लिहा. मी जाते.”

  डॉक्टरांचा चेहरा लाल झाला, मग त्यांनी तो पुन्हा पांढरा करून घेतला.

“अहो, मला शिकवता का तुम्ही?”

“नाही. लिहून मागते.”

“लिखके देव ना सायब,” दारातून एक म्हातारा आवाज आला. आमिनाबी, बसस्टँडवर केळी विकणारी, मघाशी सगळ्यांत मोठ्यानं हसली होती तीच. “उसमें क्या जाता तुमारा? पोरगी सच्ची बात बोलरी.”

त्यांनी लिहिलं नाही – ‘गरज नाही’ असं नाही लिहिलं. पॅडवरचा एक कागद टरकन फाडला, त्यावर तपासणीचं नाव खरडलं आणि टेबलावरून तिच्याकडं सरकवला, हाताला हात लागू न देता. “घ्या. करून घ्या समाधान.”

जिंकले. तिनं कागद उचलला. पण जिंकल्यावर जे वाटतं म्हणतात ते काही आलं नाही. आला तो नुसता संताप, आणखी मोठा, कारण एवढ्याशा चिठ्ठीसाठी… एवढ्याशा चिठ्ठीसाठी माणसाला आधी नागवं व्हावं लागतं काय? एखाद्या गरिबाघरची सून गप्प बसली असती. मीही बसले असते, तीन वर्षांपूर्वी बसलेच असते. आणि आत्या चौदा दिवसांच्या गोळ्या घेऊन घरी गेल्या असत्या, आणि मग अजून चौदा, आणि मग एक दिवस कंबर कायमची…

फोन वाजला. सोमनाथ, नवरा, माजलगावच्या कारखान्यावर कामाला, हंगाम संपायला आलेला, म्हणून सुट्टी मिळत नाही. जीवननंच कळवलं असणार, त्याच्या गावचा तो. “आगं, डाक्टरशी कावून भांडतीस? उद्या आपल्यालाच जायचं हाय तिथं.”

“तुमची आई हाय ना?” ती म्हणाली. “का माझीच हाय?” आणि फोन ठेवून दिला. नंतर वाटलं, त्याला उगीच बोलले. लगेच वाटलं, उगीच नाही.

लॅबमध्ये जीवन आता जरा बेतानं वागत होता. फ्रीजमधून नळी काढली, चिकटपट्टी लावली, सत्यभामाचं नाव लिहिलं. “संध्याकाळच्या गाडीनं जाईल. रिपोर्ट आला की फोन करतो.” मग खणातून एक छापील फॉर्म काढून त्यानं ओट्यावर ठेवला, पेनासकट. “हे भरायला लागतंय. माझं विंग्रजी कच्चं. तुमीच भरा ताई, तुमचाच इषय हाय.” टोमणा होता की नव्हता, कळलं नाही. नव्हता बहुतेक.

नाव. वय – साठ, अंदाजे. गाव. व्यवसाय: पशुपालन. तिनं भराभरा लिहिलं, घट्ट, ठसठशीत अक्षरात, म्हणजे संभाजीनगरच्या त्या प्रयोगशाळेत जो कुणी हे वाचेल त्याला कळावं की इकडंही कुणीतरी आहे. लक्षणं. तापाचे दिवस. जनावरांशी संपर्क: होय. संपर्काचा प्रकार: शेळीचा गर्भपात, वार हातानं काढली. हातमोजे होते काय: नाही. संपर्काची तारीख –

पेन तिथं थांबलं.

तारीख तिला पाठ होती. तेरा डिसेंबर. शनिवार. सकाळी साडेअकरा, पावणेबारा. कुठल्या घरात शेळी कधी गाभाडली हे कुणी तारखेनिशी लक्षात ठेवतं का? आत्यांना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मार्गशीर्षात, बाजाराच्या अल्याड-पल्याड. पण उज्ज्वलाला तारीख पाठ होती, कारण तेरा डिसेंबरला तिचा पेपर होता, अकरा ते बारा, वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र, आणि ते असो, ते असो म्हणून आठ दिवस जे ती बाजूला सारत होती ते आता ओट्यावर, त्या कोऱ्या चौकोनात, येऊन बसलं.

परीक्षेचा कॅमेरा चालू. नियम असा, की नजर पडद्यावरून हलली, तोंड वळलं, मागं दुसरं माणूस दिसलं की एक इशारा. तीन इशारे झाले की पेपर बंद, वर्ष गेलं. आत्यांना तिनं हे समजावून सांगितलं होतं, आणि आत्यांनी ते असं मनावर घेतलं, की परीक्षेच्या दिवशी त्या स्वतः उंबऱ्यावर काठी घेऊन बसायच्या. कोंबडं हुसकायच्या. शेजारची भिवराबाई मिरच्या मागायला आली तर तिला अंगणातूनच परतवायच्या – “पेपर हाय सुनंचा. कॅमेऱ्यात यिऊ नको बाई, नापास करतेत.” दोन इशारे त्या दिवशी आधीच झाले होते, एक वाऱ्यानं पडदा हलला म्हणून, एक शिंक आली म्हणून. आणि मग गोठ्यातून बांडीचं ते ओरडणं. तिला कळलं होतं. शेळीचं व्यायचं ओरडणं वेगळं आणि हे वेगळं, या घरात आल्यापासून सात वर्षांत तेवढं तिला कळत होतं. आत्या उठून गेल्या. बराच वेळ आवाज नाही. मग दारात त्यांची सावली… नाही, सावली नाही, त्या दाराच्या आड उभ्या होत्या, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून भिंतीला चिकटून, आणि उज्ज्वलाला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले ते फक्त हात. कोपरापर्यंत लाल, चिकट. “मेलेलं पडलं गं,” त्या कुजबुजल्या होत्या. “वार अडकलीया.” आणि तिच्या खांद्याची नुसती हालचाल झाली, उठायची, इतकुशी, तर त्याच हातांनी त्यांनी तिला खूण केली – बस. बस. तू नको उठू.

आणि पडद्यावर…

पडद्यावर चौतिसावा प्रश्न होता. पुढीलपैकी कोणत्या व्यवसायातील व्यक्तींना ब्रुसेलोसिसचा धोका सर्वाधिक असतो? शिक्षक. विणकर. पशुपालक. वाहनचालक.

तिनं पशुपालकवर टिचकी मारली होती. बरोबर उत्तर आलं म्हणून बरंही वाटलं होतं. पुढच्या प्रश्नावर गेली होती. पस्तिसावा दुधाच्या निर्जंतुकीकरणाचा होता. तोही बरोबर.

मी उठले असते तर काय झालं असतं? तिसरा इशारा. पेपर बंद. उठायचीही गरज नव्हती – नुसतं ओरडले असते, आत्या, हात घालू नका, पिशव्या बांधा हाताला, युरियाच्या पिशव्या आहेत कणगीमागं – तोंड न वळवता ओरडले असते तरी… पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की मनात आलंच नाही. एक कणभरसुद्धा नाही. तो प्रश्न पडद्यातला होता, ते हात दारातले होते, आणि मधल्या आठ पावलांत मला काहीच दिसलं नाही. पेपर संपल्यावर तिनंच राख दिली, तिनंच पाणी ओतलं त्या हातांवर. तोवर आत्या वार गोणपाटात बांधून ओढ्याकाठच्या वडाला टांगून आल्या होत्या, त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणं, म्हणजे पुढल्या खेपेला शेळीला दूध यावं. आणि अडीच महिने ती कॅलेंडरवर ताप लिहीत राहिली, आणि तिलाही तो टायफॉइडच वाटत होता.

“झालं का ताई? गाडीची येळ हुईल.”

तिनं चौकोनात तेरा डिसेंबर लिहिलं. अक्षर आधीच्यासारखंच ठसठशीत आलं, याचासुद्धा तिला राग आला.

परत निघाल्या तेव्हा उन्हं कलली होती. काळीपिवळी जीपमध्ये मागच्या सीटवर खिडकीची जागा मिळाली; सत्यभामाला आत घेऊन उज्ज्वला कडेला बसली. ताप चढत होता. घोंगडीतून त्याची ऊब लागत होती. रस्त्याच्या कडेला उसाचे ट्रॅक्टर, शेवटच्या फेऱ्यांचे, रिकामे परत चाललेले. दवाखान्यात बोलायची राहून गेलेली सगळी उत्तरं सकाळपासून तिच्या डोक्यात तयार उभी होती – घोंगडीचं उत्तर, वीस सेकंदांचं उत्तर, गोदावरीच्या टोमण्यावर तर एक इतकं नामी उत्तर मघाशी सुचलं होतं, की परत जाऊन सांगून यावं. ती एकेक करून आठवायला गेली, तर कुठलंच पुरतं आठवेना. डॉक्टरचा चेहरा आठवायला गेली, तोही विरत गेला. सोन्यासारखा राग होता, दिवसभर पुरला, आणि आता तो हातातून कुठं निसटला कळेना.

खोटं का होईना, शिकलेच होते की मी. हात दिले नाहीत म्हणून ओरडत होते सगळ्यांच्या नावानं, आणि तोंड तर होतं.

“उज्ज्वला.”

“काय आत्या? पाणी देऊ?”

“न्हाई गं.” सत्यभामाचे डोळे मिटलेले होते, ओठ तापानं सुकलेले. “त्या पेपरला किती पडलेते तुला? बांडी गाभाडली त्या दिसाच्या?”

गाडी खड्ड्यातून गेली. उज्ज्वलानं तिचा तोल सावरला.

“ऐंशीतले अठ्ठ्याहत्तर.”

“मंजी दोनच गेले.”

“दोनच.”

“मंग? ते कावून न्हाई सांगितलं त्या डाक्टरला? तोंड बंद झालं असतं त्येचं.” आणि तिच्या चेहऱ्यावर, त्या तापात, एक समाधान पसरलं. “मी उठू दिलं न्हाई तुला. उठली असतीस तर गेलता पेपर.”

बोलता बोलता तिनं उज्ज्वलाचा हात चाचपून आपल्या मांडीवर घेतला. आत्यांच्या तळहाताच्या भेगा, नखांशी चिरलेलं कातडं, बाभळीचे काटे लागून लागून पडलेले वण. उज्ज्वलाला एकेक भेग दिसत होती, तिच्यातून आत जाणारी वाटही दिसत होती, पुस्तकात होती तशी, बाणांसकट. काहीतरी बोलायला हवं होतं. ‘आत्या, मला माहीत होतं’ – चार शब्द. तीन दिवसांनी रिपोर्ट येईल. येईल तो काहीही येवो, हे चार शब्द त्याच्या आधी बोलायला हवेत, हे तिला स्पष्ट कळत होतं, आणि जीभ हलत नव्हती.

सत्यभामा झोपली. तिचं डोकं उज्ज्वलाच्या खांद्यावर आलं. समोरच्या सीटवरच्या दोन बाया यात्रेचं काहीतरी बोलत होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. आणि उज्ज्वलाला वाटलं, यांच्यापैकी कुणीतरी आत्ता वळून मला हसावं, तस्संच, सगळ्या गाडीसमोर, दार उघडं टाकून. म्हणजे निदान चिडता तरी येईल.